मगरीच्या पिल्लांची ऊब आणि पचन: घास देण्याआधी तापमान कसं राखावं

मगरीची पिल्लं वाढवणाऱ्या कुठल्याही केंद्रात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, पिल्लं खात नाहीत. दोन, खातात पण अंगाला लागत नाही. मग सगळे खाण्याच्या मागे लागतात: मासा बदलतात, खिमा आणखी बारीक करतात, जीवनसत्त्वांची पूड वाढवतात. यातलं काहीही करण्याआधी पहाटे पाचला उठून टाकीत थर्मामीटर बुडवावा. दुपारचा आकडा सगळेच सांगतात. पिल्लांचं पोट बिघडतं ते पहाटेच्या आकड्यावर.

पिल्लाला किती आणि कधी खायला द्यायचं हे त्याच्या भुकेवरून ठरवू नये. पुढचा दीड दिवस पाणी किती गरम राहणार आहे, यावरून ठरवावं. खाली जे काही सांगितलंय ते बहुतेक या एका नियमाला धरूनच आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मगर, सुसर, अ‍ॅलिगेटर, केमन या सगळ्या मगरवर्गीय जाती साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि बहुतेक देशांत त्या परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. हा लेख प्राणिसंग्रहालयं, प्रजनन केंद्रं, बचाव केंद्रं आणि परवानाधारक पालन केंद्रांत रोज हात ओले करणाऱ्यांसाठी आहे. नदीकाठी सापडलेलं पिल्लू घरी आणून टबात सोडणाऱ्यासाठी नाही.

पोटात नेमकं काय होतं

मगर स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही. ती बाहेरून घेते. मोठ्या मगरीचं धूड तापायला आणि निवायला तासन्तास लागतात. नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू मात्र जातीनुसार वीस ते तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब आणि वजनाला साधारण ५० ते १०० ग्रॅम. एवढ्याशा अंगात उष्णता साठणार कुठे? त्यात पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं. त्यामुळे पाण्यात बसलेल्या पिल्लाच्या पोटाचं तापमान थोड्याच वेळात पाण्याइतकं होतं. पाणी २४ अंश सेल्सिअस असेल तर पोटही जवळपास २४ अंशच. वर दिवा कितीही तेजाने जळत असला तरी काही फरक पडत नाही.

आता पचनाचं बघू. मगरीचं जठर जाड स्नायूंचं असतं, त्यात बऱ्याचदा गिळलेले खडेही असतात, आणि जठररस अतिशय तीव्र आम्ल असतो. सामू दोनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. अख्खा मासा काट्यांसकट आणि उंदीर हाडांसकट विरघळतो तो या आम्लामुळे. हे आम्ल तयार करण्यासाठी मगरीच्या हृदयाची खास रचनाही हातभार लावते, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलिगेटरवरच्या एका अभ्यासात दिसलं. मगरवर्गीयांना हृदयातून थोडं रक्त फुप्फुसांकडे न पाठवता परस्पर शरीराकडे वळवता येतं. कार्बन डायऑक्साइडने भरलेलं हे रक्त जठराकडे जातं आणि त्याच कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल बनवलं जातं. हा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने बंद केल्यावर जठरातलं आम्ल घटलं आणि पचन मंदावलं.

पण आम्ल बनवणाऱ्या पेशी असोत, प्रथिनं तोडणारं पेप्सिन असो, की जठर घुसळणारे स्नायू, सगळ्यांचा वेग तापमानावर चालतो. अशा जैविक क्रियांचा वेग साधारणपणे दर दहा अंशांना दोन ते तीन पटींनी बदलतो. म्हणजे ३२ अंशांना जठर जे काम करतं, त्याच कामाला २२ अंशांना दुप्पट-तिप्पट वेळ लागणार. नुसता उशीर झाला असता तरी एक वेळ चाललं असतं. अडचण अशी, की माशाबरोबर पोटात गेलेले जिवाणू त्या उशिराचा पुरेपूर फायदा घेतात. आम्ल पुरेसं पाझरत नाही, घास आतपर्यंत भिजत नाही, आणि मांस पचण्याआधी सडायला लागतं. सकाळी टाकीत पांढुरकी, घाण वासाची, जेमतेम कडा विरघळलेली ओकारी दिसते ती अशीच तयार झालेली असते.

वाढीचा हिशोब याहून जरा गुंतागुंतीचा आहे. ऊब वाढली की भूक वाढते, पचन वेगाने होतं आणि वाढही होते. पण त्याबरोबर नुसतं जिवंत राहण्याचा खर्चही वाढतो. एका मर्यादेपुढे हा खर्च मिळकतीच्या पुढे जातो आणि वाढ पुन्हा मंदावते. याचाच दुसरा अर्थ असा, की उबेत ठेवून अपुरं खायला घालणं हे गारव्यात उपाशी ठेवण्यापेक्षा जास्त वाईट. ३२ अंशांना उपाशी असलेलं पिल्लू २५ अंशांना उपाशी असलेल्या पिल्लापेक्षा लवकर रोडावतं. ऊब आणि आहार एकत्रच वाढवायचे, एकत्रच कमी करायचे.

कुठल्या तापमानाला काय

खालचे आकडे पहिल्या वर्षातल्या पिल्लांसाठी, पाण्याच्या तापमानाचे आणि अंदाजाने वापरायचे आहेत. खाऱ्या पाण्यातली मगर आणि नाईल मगर यांना ऊब जास्त लागते. अमेरिकन आणि चिनी अ‍ॅलिगेटर थंडी बऱ्यापैकी सोसतात. पण सोसणं वेगळं आणि वाढणं वेगळं. वाढीसाठी अ‍ॅलिगेटरलाही तिशीच्या वरचाच पारा लागतो.

३० ते ३३ अंश: वाढीचा पट्टा. भूक चांगली, पचन पूर्ण, हालचाल चपळ. बहुतेक पालन केंद्रं ३२च्या आसपास राहतात.

२७ ते ३० अंश: चालतं, पण वाढ कमी. खाणं त्या मानाने कमी करायचं.

२५ ते २७ अंश: भूक दिसते, पण तिच्यावर विश्वास ठेवू नये. त्या दिवशी देणं टाळावं.

२५च्या खाली: खायला देणं बंद.

२०च्या खाली: उष्ण प्रदेशातल्या जातींच्या पिल्लांसाठी धोका, प्रतिकारशक्ती ढासळते.

३४ ते ३६ अंश: थोडा वेळ, स्वतःहून निवडलं तर ठीक. सतत नको.

३६च्या वर: ताण. ३८-३९च्या पुढे मृत्यू.

यातली सगळ्यात फसवी जागा २५ ते २७ अंशांची. पिल्लू तोंडासमोर हललेला तुकडा झडप घालून पकडतं, गिळतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय. झडप घालायला क्षणभर पुरतो. पचवायला दिवस लागतात.

पायरी पहिली: अंड्यापासूनच सुरुवात

पिल्लाची वाढ कशी होणार, याचा काही भाग उबवणीतच ठरून जातो. मगरवर्गीयांत नर-मादी उबवणीच्या तापमानावर ठरतात: बऱ्याच जातींत ३० अंशांच्या आसपास माद्या, ३२च्या आसपास नर जास्त, आणि त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या. लिंगाबरोबर पिल्लाचा आकार आणि पोटात शिल्लक राहिलेला बलकही बदलतो. सतत २९च्या खाली किंवा ३४च्या वर उबवलेल्या अंड्यांतून अशक्त, व्यंग असलेली पिल्लं जास्त निघतात, आणि जी धडधाकट दिसतात त्यांतलीही काही पुढे मागेच पडतात. म्हणून पिल्लांच्या नोंदवहीत पहिला रकाना उबवणीच्या तापमानाचा असावा. एकाच टाकीतली, एकच खाणं खाणारी दोन पिल्लं वेगळी का वाढतात, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं.

पायरी दुसरी: टाकीची मांडणी

पहिल्या महिन्यांत पाणी उथळ ठेवा, पाच ते दहा सेंटिमीटर. पिल्लाला पाय टेकवून नाक वर काढता आलं पाहिजे. टाकीचा साधारण तिसरा हिस्सा कोरडा, उताराचा आणि खरखरीत नसलेला असावा. कोवळ्या पोटाला सिमेंट घासून जखमा होतात आणि बेंबी नीट मिटली नसेल तर तिथूनच संसर्ग आत शिरतो.

उष्णता खालून द्यायची की वरून? माझं मत स्पष्ट आहे: पाया खालून. जमिनीत बसवलेल्या नळ्यांतून गरम पाणी फिरवणं किंवा टाकीच्या पाण्याला थर्मोस्टॅटवर चालणारा हिटर लावणं. वरचा सिरॅमिक हिटर कोरड्या भागावर एक जास्त उबदार जागा करण्यापुरता. पाण्यातल्या हिटरला जाळीचं आवरण हवंच. पिल्लं त्याला बिलगून बसतात आणि भाजतात. वायर दातांच्या आवाक्यात नको, आणि सगळ्या जोडणीवर आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवलेला असावा. ओल्या जागेतल्या विजेबाबत हयगय झाली तर फटका पिल्लांच्या आधी कर्मचाऱ्याला बसतो.

खोलीतली हवा पाण्याहून दोन-तीन अंशांपेक्षा जास्त गार नसावी. पाण्यात ऊब आणि नाकात गार हवा अशी स्थिती रात्रभर राहिली तर श्वसनाचे आजार सुरू होतात. हवा बंदिस्त करून टाकण्यातही धोका आहे, कारण गरम पाण्यातून अमोनिया उठतो. छताजवळ थोडी वायुवीजनाची जागा ठेवा.

एकसारखं ३२ अंश ठेवावं की निवडीला वाव द्यावा, यावर सांभाळणाऱ्यांत मतभेद आहेत. एकसारख्या उबेत पिल्लं झपाट्याने वाढतात, यात शंका नाही. तरी पिल्लाला एका टोकाला ३० आणि दुसऱ्या टोकाला ३४ असा फरक मिळाला तर ते स्वतःची गरज स्वतः भागवतं. जेफ्री लँग यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जेवण झालेले कोवळे अ‍ॅलिगेटर उपाशी असलेल्यांपेक्षा जास्त उबदार जागा निवडताना आढळले. प्रत्येक जातीत हे तितकंच ठळक नसतं, पण जिथे असतं तिथे प्राणी स्वतःच पोटाचं तापमान वाढवून घेत असतो. ती सोय काढून घेऊ नये.

आणि आडोसा. पाण्यावर तिरप्या फळ्या, तरंगती झाडोऱ्याची झाकणं, काहीही चालेल, पण प्रत्येक पिल्लाला लपता आलं पाहिजे, आणि हा आडोसा उबदार भागात असला पाहिजे. आडोसा गार कोपऱ्यात ठेवला की भित्रं पिल्लू दिवसभर गारच राहतं. ऊब हवी की सुरक्षितता, यात ते नेहमी सुरक्षितता निवडतं. कुठली पिल्लं खुरटतात हे बघा. बहुतेकदा त्या कोपऱ्यातली असतात.

पायरी तिसरी: मोजमाप

कमाल-किमान नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर, संवेदक तारेच्या टोकाला असलेला, हा किमान खर्च. संवेदक पाण्याच्या तळाशी, हिटरपासून सगळ्यात दूरच्या टोकाला ठेवा. हिटरजवळ ठेवला की आकडा खोटा दिलासा देतो. दुसरा संवेदक पिल्लांच्या नाकाच्या उंचीवर हवेत. थर्मोस्टॅटच्या तबकडीवरचा आकडा ही तुमची इच्छा असते. पाण्याचं तापमान वेगळं मोजावं लागतं.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा, पण तो फक्त पृष्ठभाग मोजतो. दिव्याखालून नुकत्याच उठलेल्या पिल्लाची पाठ ३५ दाखवते आणि पोट २७ असू शकतं.

रोज सकाळी दोन आकडे लिहा: रात्रीचं किमान आणि आदल्या दिवसाचं कमाल. मग थर्मामीटरची नोंद पुसून नवी सुरू करा. ही वही महिनाभर नीट ठेवली की वाढीचे अर्धे प्रश्न वहीतच दिसायला लागतात.

पायरी चौथी: पहिले दिवस, बलक आणि पहिला घास

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात उरलेला बलक असतो आणि सुरुवातीचे दिवस ते त्यावर काढतं. पोट हाताला घट्ट आणि गोल लागतं. हा बलक शोषला जाण्यासाठीही तीच ऊब लागते. ३१-३२ अंशांना तो साधारण एक-दोन आठवड्यांत शोषला जातो. पिल्लं गारठली तर तो तसाच राहतो, घट्ट होतो, आणि बेंबीतून जिवाणू आत गेले असतील तर सडतो. सुरुवातीच्या दिवसांत दगावणाऱ्या पिल्लांचं शवविच्छेदन केलं तर असा न शोषलेला बलक वारंवार सापडतो.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत तापमानात कुठलीही तडजोड नको. रात्रीचं किमानही ३०च्या खाली जाऊ देऊ नका. पहिल्या आठवड्याच्या शेवटी पोट मऊ पडायला लागलं की बारीक तुकडे समोर ठेवून बघा. काही पिल्लं लगेच घेतात, काही आणखी आठवडा थांबतात. जबरदस्तीने भरवू नका. भरल्या बलकावर भरवलेला घास दोन्हीचं पचन बिघडवतो.

पायरी पाचवी: तापमानावरून आहार ठरवणं

सुरुवातीचं माप म्हणून हे धरा: ३१-३२ अंशांना पहिल्या वर्षातल्या पिल्लाला आठवड्याला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा अन्न. २०० ग्रॅमच्या पिल्लाला आठवड्याला ५० ग्रॅम. पाच वेळा दिलं तर एका वेळेला दहा ग्रॅम. वजन वाढत जाईल तसा हा हिस्सा हळूहळू कमी होतो. किती शिल्लक राहतं ते बघून वरखाली करा.

मग तापमानाचा नियम लावा. गेल्या रात्रीचं किमान ३०च्या वर आणि आजची रात्रही तशीच जाणार असेल तर पूर्ण वाटा. किमान २७ ते ३० असेल तर वाटा निम्मा आणि दोन जेवणांतलं अंतर दुप्पट. २५ ते २७ असेल तर आज नको, ऊब सुधारून उद्या बघू. २५च्या खाली गेलं असेल तर अर्थातच नाही.

मगर निशाचर, म्हणून संध्याकाळी खायला घालावं असा प्रघात आहे. जिथे रात्रीची ऊब पक्की आहे तिथे तो उत्तम; पिल्लं अंधारात निवांत खातात. पण जिथे रात्री पारा उतरतो तिथे संध्याकाळी सहाला दिलेला घास पहाटेपर्यंत सगळ्यात गार तासांतून जातो. अशा जागी सकाळी पाणी पुरेसं तापल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास द्यावं. पिल्लं थोडं कमी खातील, पण जे खातील ते पचेल.

काय द्यावं यावर वेगळा लेख होईल. इथे तापमानाशी जोडलेलं तेवढंच. उबेत वेगाने वाढणाऱ्या पिल्लाची हाडंही वेगाने वाढतात आणि त्यांना कॅल्शियम लागतं. नुसतं हाड काढलेलं मांस ३२ अंशांना भरपूर खाल्लेलं पिल्लू वजनाने छान दिसतं आणि जबडा रबरासारखा वाकतो. अख्खे छोटे मासे, हाडांसकट दळलेला खिमा, कीटक असं मिश्रण हवं. फ्रीजरमधले मासेच सतत द्यायचे असतील तर बी-१ आणि ई जीवनसत्त्व वरून द्यावं लागतं.

पायरी सहावी: जेवणानंतरचे चोवीस तास

नासधूस होते ती बहुतेक इथेच, आणि तीही सफाईच्या नावाखाली. सकाळी कर्मचारी येतो. टाकीत रात्रीचे तुकडे तरंगतायत, पाणी गढूळ, वास येतोय. तो बूच काढतो, पाणी सोडून देतो, नळाला पाइप लावतो आणि जमीन, भिंती, पिल्लं सगळ्यांवर जोरात पाणी मारतो. नळाचं पाणी २१ अंश. भरल्या पोटाची पिल्लं पंधरा-वीस मिनिटं त्या पाण्यात एकमेकांवर चढून बसतात. मग टाकी त्याच पाण्याने भरली जाते आणि हिटरला ती ३२वर आणायला दुपार होते. दुपारी तीनला येऊन पाहणाऱ्याला ३२ अंश दिसतात आणि तो समाधानाने परत जातो. टाकीत मात्र रोज सकाळी पाच तास थंडीची लाट येऊन जात असते.

उपाय सोपा आहे. पाणी बदलण्यासाठी वेगळी टाकी ठेवा आणि त्यात पाणी आदल्या रात्रीपासून ३१-३२ अंशांवर तापवून ठेवा. धुण्यासाठीही तेच वापरा. जुनं आणि नवं पाणी यांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. सफाई टाळणं हा मार्ग नाही, कारण ३२ अंशांच्या पाण्यात उरलेलं मांस काही तासांत नासतं आणि जिवाणू झपाट्याने वाढतात. उबदार टाकी गार टाकीपेक्षा जास्त वेळा साफ करावी लागते. हे काम ऊब मागतेच.

जेवल्यानंतर किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस, पिल्लांना हात लावू नका. पकडणं, वजन, औषध, फोटो काहीही नाही. भरल्या पोटी झालेली झटापट म्हणजे ओकारी. एका टाकीतून दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, पण त्या काळात ऊब तशीच राहू द्या म्हणजे आधीचं पोट रिकामं होईल. गार करून उपाशी ठेवलं तर पोट रिकामं होतच नाही.

चांगलं पचन झालं की विष्ठा बांधलेली येते, तिच्याबरोबर पांढुरका युरिक आम्लाचा भाग. तिच्यात न पचलेले मांसाचे धागे किंवा खवल्यांचे तुकडे दिसायला लागले तर आधी रात्रीचे आकडे उघडा.

पायरी सातवी: वाढ वाचणं

पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने, उपाशी पोटी, वजन आणि लांबी. लांबी मोजताना पिल्लू वळवळतं आणि दरवेळी वेगळा आकडा येतो. डोक्याची लांबी, म्हणजे मुस्कटाच्या टोकापासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंत, मोजणं जास्त भरवशाचं. एकूण लांबी ढोबळमानाने डोक्याच्या सातपट असते.

वजन आणि डोकं दोन्ही वाढतायत: ठीक. डोकं वाढतंय पण वजन जागेवर: खाणं कमी पडतंय किंवा पचत नाही. दोन्ही थांबलंय: ऊब, ताण किंवा आजार. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर हात फिरवा. तिथे चरबी आणि स्नायू भरलेले असले पाहिजेत. शेपटीच्या मुळाशी हाड जाणवायला लागलं तर आठवडे वाया गेलेत.

एकाच घरट्यातल्या पिल्लांतही काही महिन्यांत दुपटीचा फरक पडतो. मोठी पिल्लं उबदार जागा आणि अन्न दोन्ही अडवून बसतात, म्हणून आकाराप्रमाणे टाक्या वेगळ्या करत राहा. मागे पडलेल्यांना लहान गटात, उबदार आडोशाखाली, कमी वर्दळीच्या जागी ठेवलं तर काही सावरतात. सगळीच सावरतील अशी आशा बाळगू नये.

ऊब कायम ठेवल्याने वाढ किती बदलू शकते? अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या रॉकफेलर वन्यजीव आश्रयस्थानात टेड जोएनन आणि लॅरी मॅकनीझ यांनी अ‍ॅलिगेटर वाढवण्यावर दीर्घकाळ काम केलं. निसर्गात तिथला अ‍ॅलिगेटर सुरुवातीची वर्षं वर्षाला साधारण ३० सेंटिमीटरने वाढतो, कारण थंडीत तो खातच नाही. वर्षभर तापवलेल्या बंदिस्त घरांत थंडीच गाळली गेली, आणि सव्वा मीटरची मजल एक-दोन वर्षांतच गाठता आली. जंगलात सोडण्यासाठी वाढवायची पिल्लं इतक्या वेगाने वाढवावीत का, हा वेगळा प्रश्न आहे. मला स्वतःला तो वेग तिथे अनावश्यक वाटतो.

बिघाड झाला तर

वीज गेली आणि पाणी उतरायला लागलं: खाणं लगेच बंद. टाकी जाड चादरी किंवा थर्माकोलच्या पत्र्यांनी झाका, हवेला फट ठेवून. पाणी काढून टाकू नका. उबदार पाण्याचा साठा हाच तुमचा राखीव इंधनसाठा आहे. ऊब परत आली की घाई नको, तासाला एक-दोन अंशांनी वर न्या. पूर्ण तापमानाला एक-दोन दिवस काढल्यावर पहिलं जेवण, तेही निम्मं. भरल्या पोटी गारठलेल्या पिल्लांवर नजर ठेवा. पोट फुगलं, पिल्लू एका अंगाला कलून तरंगायला लागलं, तर पशुवैद्याला बोलवा.

गारठ्यानंतर काही दिवसांनी पिल्लं मागचे पाय ओढायला लागली, सांधे सुजले, तर गाऊटची, म्हणजे युरिक आम्लामुळे होणाऱ्या संधिवाताची, शंका घ्या. भरपूर प्रथिनं, त्यात थंडी आणि पाण्याची कमतरता यामुळे मूत्रपिंडं युरिक आम्ल बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते सांध्यांत, अवयवांवर साचतं. उपाय म्हणजे ऊब, पाणी आणि काही दिवस खाणं बंद. आधीच साचलेलं मात्र सहजी जात नाही.

उष्माघात याच्या उलट आणि जास्त झटपट. उन्हात ठेवलेली उथळ टाकी तासाभरात ३८ ओलांडू शकते. तोंड वासून बसणं हा अंग निववण्याचा एक मार्ग असला तरी तो नेहमीच धोक्याचा इशारा नसतो. सगळी पिल्लं एकाच वेळी सैरावैरा पळत, भिंतीवर चढायला बघत असतील तर तो इशारा. ३० अंशांच्या पाण्यात हलवा. बर्फाचं पाणी नको.

आजारी पिल्लाच्या बाबतीत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. मगरवर्गीयांना आतून ताप आणता येत नाही, पण संसर्ग झाल्यावर ती जास्त उबदार जागा शोधून अंगाचं तापमान चढवतात. आजारी पिल्लू हिटरखालून हलत नसेल तर त्याला तिथून उठवू नका, ३३-३४ अंशांची जागा उपलब्ध ठेवा. आणि औषध देणाऱ्या पशुवैद्याला टाकीचं तापमान आवर्जून सांगा. औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं हेही तापमानावरच ठरतं, त्यामुळे २६ अंशांना आणि ३२ अंशांना दोन डोसांमधलं अंतर सारखं राहत नाही.

उघड्या तळ्यात नेताना

साठ-सत्तर सेंटिमीटरच्या पुढे अंगात थोडी उष्णता टिकायला लागते आणि पिल्लू ऊन-सावली स्वतः सांभाळू शकतं. स्थलांतर उष्ण ऋतूच्या सुरुवातीला करा, म्हणजे थंडी येईपर्यंत त्याला नव्या जागेतली ऊब-सावली शिकायला महिने मिळतील. आत ३२ आणि बाहेर २७ असा फरक असेल तर आतलं तापमान आठवडाभर रोज थोडं खाली आणत न्या. तळ्याला ऊन लागणारा काठ आणि रात्री लवकर न गारठणारं खोल पाणी, दोन्ही हवं. खोल पाणी रात्री हळू निवतं.

बाहेर आल्यावर आहाराचं वेळापत्रक ऋतूवर चालतं. रात्री गार व्हायला लागल्या की आधी जेवणांतलं अंतर वाढवा, मग वाटा कमी करा, आणि तळ्याच्या पाण्याचं पहाटेचं तापमान सलग काही दिवस २५च्या खाली दिसलं की पूर्ण बंद. ही शेवटची जेवणं छोटी आणि उन्हाच्या दिवशी सकाळीच द्यावीत, म्हणजे थंडी पक्की बसण्याआधी पोट रिकामं झालेलं असेल.